तसबिरीतले श्रेष्ठी आणि वहीतले नाव

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची आज्ञा मला झाली, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. ब्रिटिश अमदानीत भारतीय व्यापारी आणि सराफ यांची जी छायाचित्रे काढली गेली, त्यांविषयी मी आज बोलणार आहे. विषय काहीसा आडवाटेचा वाटेल. परंतु त्याला निमित्त आपल्या घरचेच आहे. सभागृहाच्या रंगकामासाठी दात्यांच्या तसबिरी भिंतींवरून उतरविण्यात आल्या आहेत. त्या पुन्हा लावाव्यात की नाही, लावल्यास कोणाची कोठे आणि केवढ्या आकाराची, यावर आपल्या बैठकांमधून बरीच चर्चा चालू आहे. मान हा चार कषायांपैकी एक आहे, गुप्तदान हेच श्रेष्ठ दान आहे, असे काहीजण म्हणतात. ज्यांच्या दानावर ही वास्तू उभी राहिली त्यांचे मुखदर्शन पुढच्या पिढीला घडू नये काय, असे इतर विचारतात. दोन्ही म्हणणी आदरणीय आहेत. निर्णय घेण्यापूर्वी व्यापाऱ्याची तसबीर ही वस्तू मुळात आली कोठून, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

दात्याची प्रतिमा ही आपल्या परंपरेला नवी नाही. आबूच्या देलवाडा येथे विमलशाहांनी इ. स. 1031 मध्ये विमलवसही आणि वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी इ. स. 1230 मध्ये लूणवसही उभारली. लूणवसहीच्या हस्तिशाळेत संगमरवरी हत्तींच्या मागे त्या कुटुंबातील स्त्री-पुरुषांच्या प्रतिमा आहेत आणि त्यांच्याखाली नावे कोरलेली आहेत. वस्तुपाल आणि तेजपाल यांच्याबरोबर त्यांच्या पत्नीही तेथे आहेत. या प्रतिमांविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे त्या पूजकाच्या भावाने उभ्या आहेत. त्यांचा रोख जिनबिंबाकडे आहे. दुसरी म्हणजे प्रत्येकीला नाव आहे. पुढचे सगळे विवेचन या दोन गोष्टींच्या आधारे करणार आहे.

आता सहाशे वर्षे पुढे येऊ. मुंबईचे शेठ मोतीचंद अमीचंद, ज्यांना आपण मोतीशा शेठ म्हणतो, यांनी भायखळ्याचे आदिनाथ मंदिर 1828 मध्ये बांधविले. 1834 मध्ये मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली, तिच्या संस्थापकांमध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर मोतीशांच्या घराण्याचे नाव घेतले जाते. मोतीशा 1836 मध्ये निवर्तले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1839 मध्ये, पॅरिस येथे दागेर यांच्या छायाचित्रणाची रीत जगापुढे जाहीर करण्यात आली. म्हणजे एवढ्या मोठ्या पुरुषाचा चेहरा कॅमेऱ्याने कधी पाहिला नाही. आणि तरीही सुरतेपासून चीनपर्यंत त्यांची पत अबाधित होती! ती हुंडीवर, सहीवर आणि पेढीच्या नावावर चालत होती. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ बाजारातील प्रतिष्ठित आसामीलाच मिळत. आणि प्रतिष्ठित कोण, हे बाजाराला चेहरेपट्टीवरून नव्हे तर व्यवहारावरून ठाऊक असे. हुंडीला तसबिरीची गरज नव्हती.

मग व्यापाऱ्याला तसबिरीची गरज का भासू लागली? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला असे वाटते की, याचे एक कारण व्यवहाराच्या बदललेल्या स्वरूपात आहे. 1857 च्या कायद्याने आपल्याकडे मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या स्थापन करण्याची मुभा मिळाली आणि 1860 मध्ये ती बँकांनाही लागू झाली. आता अनोळखी माणसांचे पैसे अनोळखी माणसांकडे जाऊ लागले. त्याच सुमारास विद्यापीठ, इस्पितळे, वाचनालये निघाली. ‘जस्टिस ऑफ दि पीस’सारखे मानाचे अधिकार आले. पेढीच्या उंबऱ्याआड असलेला शेठ सार्वजनिक जीवनात आला. अशा माणसाचा चेहरा लोकांना हवा होता आणि त्यालाही तो लोकांपुढे ठेवावासा वाटत होता.

साधनही हाताशी आले होते. 1851 मध्ये इंग्लंडातील फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी धुऊन चित्र पक्के करायचे. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघत. 1854 मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्राचे पेटंट घेतले. ही छोटी चित्रे आप्तेष्टांना वाटण्याची आणि अल्बममध्ये जपण्याची रीत जगभर पसरली. त्याच 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यात होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. भारतीय व्यापाऱ्याची तसबीर भारतीय माणसाने काढावी, अशी सोय आरंभापासूनच आपल्या शहरात होती, याचा अभिमान वाटतो.

त्या काळच्या एखाद्या तसबिरीकडे आपण लक्षपूर्वक पाहू. माझे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले, म्हणून माझी नजर प्रथम वस्त्रांकडे जाते. शेठजींनी पांढरा अंगरखा घातला आहे, खांद्यावर दुपट्टा किंवा काश्मिरी शाल आहे, डोक्यावर पगडी आहे. ती पगडी जवळजवळ काळी दिसते. म्हणून ती काळी होती असे कोणी समजू नये. त्या काळची काच निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई, तांबड्या रंगाला मात्र जवळपास आंधळी होती. त्यामुळे कुसुंबी, लाल, किरमिजी पगड्या चित्रात काळवंडत आणि निळे वस्त्र फिके, पांढुरके उमटे. आपल्या घरी अशी तसबीर असेल आणि आजोबांची पगडी काळी दिसत असेल, तर ती बहुधा लाल होती असे नातवंडांना अवश्य सांगावे.

आता बैठकीकडे पाहा. पेढीवर शेठजी गादीवर, लोडाला टेकून, समोर चोपड्यांची पेटी ठेवून बसत. येथे त्यांना खुर्चीवर बसविले आहे. शेजारी गोल मेज, त्यावर एखादे पुस्तक वा फुलदाणी, मागे पडदा किंवा खांब. हे सर्व सामान स्टुडिओचे. ते आज यांच्या, उद्या दुसऱ्याच्या शेजारी दिसणार. चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावीत. शेठजींची मुद्रा कठोर दिसते, ती पुष्कळदा त्या आधाराची आणि रोखलेल्या श्वासाची करणी असते. स्वभावाविषयीचे अनुमान चेहऱ्यावरून काढताना एवढी सावधगिरी बाळगावी.

वस्त्रांमधून काळाचा प्रवाहही दिसतो. बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले डेव्हिड ससून यांचे तीन पुत्रांसमवेतचे प्रसिद्ध छायाचित्र आहे. पिता पारंपरिक पागोट्यात व पायघोळ झग्यात आहे. मुलांपैकी एकाच्या अंगावर मात्र पाश्चात्त्य पोशाख आहे. एकाच पेढीच्या दोन पिढ्या, दोन बाजारपेठा एका काचेवर उमटल्या आहेत. मुंबईच्या तत्कालीन वैभवाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. चीनशी होणाऱ्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती आणि त्या काळातील अनेक मोठ्या पेढ्यांची भरभराट त्या व्यापारातून झाली. तसबिरीतली शाल कशी मिळाली, हे तसबीर सांगत नाही. ते वहीतच शोधावे लागते.

येथवर आपण ज्यांनी स्वखुशीने, स्वखर्चाने छायाचित्र काढून घेतले त्यांच्याविषयी बोललो. परंतु याच काळात राज्यकर्ते आपल्या कामासाठी दुसऱ्या प्रकारची छायाचित्रे जमवीत होते. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत व्यापारी समाजांचीही चित्रे आहेत. माणसांची चित्रे स्वतंत्रपणे काढून ती मंदिर, तलाव, रस्ता अशा निराळ्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. पुढे 1868 ते 1875 या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात 468 छायाचित्रे आहेत. या ग्रंथांत माणूस बहुधा जातीच्या, जमातीच्या किंवा धंद्याच्या नमुन्यादाखल येतो. कॅमेरा तोच, काच तीच, पगडीही तीच. फक्त नाव गेले. नाव जाताच मनुष्य नमुना झाला, आणि नमुन्याविषयी कोणीही काहीही लिहावे!

याचे मोल किती द्यावे लागते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. रोष मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. त्यांत आपले साधर्मिकही होते. जमावाने मुख्यत्वे गहाणखते आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळले. त्या शेतकऱ्यांचे दुःख खरे होते. अमेरिकन युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, साराही वाढला होता, आणि व्याजाचा बोजा असह्य झाला होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. परंतु त्या काळापासून सावकार म्हटले की एकच साचेबंद चित्र लोकांच्या मनात उभे राहिले. अडीअडचणीला बियाणे देणारा आणि व्याजावर व्याज चढविणारा, दोघे त्या एका चित्रात सारखेच दिसू लागले. मुंबईच्या शेठला स्वतःची तसबीर होती. खेड्यातल्या दुकानदाराची तसबीर इतरांनी रंगविली. त्याच्या बाजूने बोलू शकतील अशा वह्या आगीत गेल्या, आणि त्याच्या विरुद्ध बोलू शकतील अशाही गेल्या.

आता या काळातील एका महान जैन व्यापाऱ्याकडे वळतो. शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म 1831 चा, मूळ सुरतचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत मुंबईचा शेअरबाजार प्रेमचंदांच्या शब्दावर चाले असे म्हणत. 1865 मध्ये युद्ध संपले, बाजार कोसळला आणि प्रेमचंदांचे वैभवही त्याबरोबर कोसळले. त्यांच्या उपलब्ध तसबिरींत ते आपल्या पारंपरिक पगडीतच दिसतात. मात्र त्यांच्या तसबिरीपेक्षा त्यांनी केलेल्या दोन गोष्टी मला अधिक बोलक्या वाटतात.

पहिली गोष्ट कमी परिचित आहे. 1866 मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी ‘आर्किटेक्चर ॲट अहमदाबाद’ हा छायाचित्रांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. कर्नल बिग्ज यांनी काढलेली 120 छायाचित्रे, थिओडोर होप यांचा इतिहास आणि जेम्स फर्ग्युसन यांची टिपणे त्यात आहेत. त्याच्या मुखपृष्ठामागील पानावर आश्रयदाते म्हणून प्रेमचंद रायचंद यांचे नाव छापलेले आहे. धारवाड-म्हैसूरच्या वास्तूंवरील ग्रंथालाही त्यांचाच आश्रय होता. ज्या साधनाने त्यांचे समकालीन स्वतःचे चेहरे टिपून घेत होते, त्याच साधनाचा उपयोग या श्रावकाने मशिदी, मंदिरे आणि विहिरी टिपण्यासाठी करविला. कॅमेऱ्याचे तोंड आपल्याकडून वास्तूकडे वळविणारा हा दाता होता.

दुसरी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. 1864 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले, आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव देण्याची इच्छा व्यक्त केली. 1878 मध्ये 280 फूट उंचीचा तो मनोरा पूर्ण झाला. त्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या 24 मूर्ती बसविलेल्या आहेत. मूर्ती सुबक आहेत, पण त्या नमुन्यांच्या आहेत. आज रस्त्यावरून जाणाऱ्या मुंबईकराला त्यांपैकी एकही ओळखता येणार नाही. राजाबाईंची मूर्ती डोळ्यांपुढे नसताना त्यांचे नाव मात्र शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. चेहरा आणि नाव यांपैकी काळाच्या ओघात काय टिकते, याचे उत्तर त्या मनोऱ्याने दिले आहे.

मातांचा विषय निघाला म्हणून स्त्रियांविषयी बोलणे आवश्यक आहे. अहमदाबादचे शेठ हठीसिंग केसरीसिंग 1845 मध्ये निवर्तले. त्यांनी आरंभिलेले भव्य मंदिर त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी 1848 मध्ये पूर्ण करविले. अशा कर्तृत्ववान शेठाणी आपल्या इतिहासात आहेत. परंतु त्या शतकातील व्यापारी घराण्यांच्या तसबिरी पाहू लागलो की पुरुषच पुरुष दिसतात. पडदा आणि संकोच ही त्याची कारणे होती. त्यावर उपाय शोधणारा छायाचित्रकार योगायोगाने आपलाच साधर्मिक होता. मेरठजवळच्या सरधना येथे 1844 मध्ये एका जैन जवाहिऱ्यांच्या कुटुंबात जन्मलेले लाला दीनदयाळ हे निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांनी 1892 मध्ये हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला आणि तेथील काम एका युरोपीय बाईंकडे सोपविले. 1896 मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ सुरू केला. त्यांच्या काचेच्या 2857 निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जतन केल्या आहेत. जवाहिऱ्याच्या मुलाने माणसे पारखली असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एका परंपरेचा उल्लेख करतो. नाथद्वारा येथील चित्रकार वैष्णव यजमानांसाठी श्रीनाथजींच्या पूजेची चित्रे रंगवीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ते यजमानांच्या छायाचित्रातील चेहरे कापून चित्रात चिकटवू लागले आणि भोवती हात जोडलेले देह रंगवू लागले. स्टुडिओत लोकांकडे पाहणारा शेठ अशा रीतीने पुन्हा देवाकडे वळविला गेला. संप्रदाय निराळा असला तरी त्यामागील भावना आपल्या हस्तिशाळेतील भावनेहून दूर नाही. यंत्र नवे घेतले, उभे राहण्याची रीत जुनीच ठेवली.

बंधुभगिनींनो, या सर्वांवरून मी जो निष्कर्ष काढला आहे तो आपल्यापुढे नम्रतेने ठेवतो. तसबीर माणसाची पत दाखविते, हिशोब दाखवीत नाही. हिशोब वहीत असतो. ज्या तसबिरीला नाव आणि वही यांचा आधार असतो ती स्मृती होते. तो आधार गेला की ती नमुना होते किंवा शोभेची वस्तू होते. मान कषायाचे भय मला तसबिरीपेक्षा तिच्या आकाराविषयी आणि जागेविषयी अधिक वाटते. दात्याचे मुख जिनबिंबाकडे असावे, अशी वस्तुपाल-तेजपालांची शिकवण आहे. म्हणून देरासरात आणि प्रवचनाच्या दालनात कोणाचीही तसबीर नसावी. सभागृहात अवश्य असावी, परंतु सर्वांची एकाच आकाराची असावी. देणगीचा आकडा चौकटीच्या लांबी-रुंदीत उतरू नये.

प्रत्येक तसबिरीखाली पूर्ण नाव, गाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि त्या दानातून नेमके काय झाले, हे चार ओळींत लिहावे. ज्यांची तसबीर नाही त्यांच्यासाठी रिकामी चौकट न लावता केवळ नावाची पाटी लावावी. तिचा मान तितकाच असावा. त्यात सासर-माहेरच्या नावांसह स्त्रियांची नावे यावीत. नाव न सांगता दान देणाऱ्यांची इच्छा मात्र पाळावी. चाळीस-चाळीस वर्षे आपल्या वह्या चोख ठेवणारे मुनीम आणि पूजेची व्यवस्था पाहणारे सेवक यांचीही नावे त्या भिंतीवर हवीत. शेठजींची सही ज्या कागदावर होती तो कागद कोणीतरी लिहिला होता!

घराघरांतल्या जुन्या छायाचित्रांविषयी शेवटी एक व्यवहाराची सूचना. ती ओलाव्यापासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावीत. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नये, डिंकाने चिकटवू नयेत. मऊ पेन्सिलीने पाठीमागे कडेला नावे लिहावीत आणि संगणकावर प्रत करून ठेवावी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि एका लग्नात हजारो छायाचित्रे निघतात. त्यांतले चेहरे पन्नास वर्षांनी कोण ओळखणार? घरातील ज्येष्ठ मंडळींना जुना अल्बम घेऊन बसवावे आणि ते सांगतील ती नावे लिहून घ्यावीत. त्यांच्या स्मरणाइतकी समृद्ध वही दुसरी नाही, आणि तिची नक्कल आजवर कोणी केलेली नाही.

ट्रस्टच्या शताब्दीला आपल्यापैकी अनेकजण येथे नसू. त्या दिवशी या सभागृहात येणाऱ्या एखाद्या मुलीने भिंतीकडे बोट दाखवून “हे कोण?” असे विचारले, तर तिला उत्तर भिंतीवरच मिळावे, एवढी व्यवस्था आपण या वर्षी करू या.